शिवकांताची पाणपोई

शिवकांता गेली, त्याच्या आदल्या दिवशी सकाळी डॉक्टर निटूरकरांची टाकी ईश्वरप्पानंच भरली होती.

पाइप टाकीत सोडून तो फाटकाशी उभा होता. टाकी काठोकाठ भरली, पाणी सांडायला लागलं, तेव्हा डॉक्टर स्वतः खिडकीतून ओरडले, "अरे बस, बस! वाया चाललंय." ईश्वरप्पानं पाइप गुंडाळला आणि टँकर पुढच्या गल्लीत घातला. दुपारी याच दारात आपली बायको लेकीला घेऊन येणार आहे, हे त्याला माहीत होतं. नंबर त्यानंच लावला होता. डॉक्टरांना ओळख सांगावी असं एकदा मनात आलं, पण टँकरवाल्याची ओळख ती कसली, म्हणून तो गप्प बसला.

लातूर जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या, गावाबाहेर प्लॉट पडले, घरं उठली. पाणी तेवढं आलं नाही. सलग दुसऱ्या साली पाऊस नव्हता आणि नळांना नुसती हवा यायची. महादेवप्पा अडतवाल्यानं दोन जुन्या ट्रकांवर टाक्या बसवून पाण्याचा ठेका घेतला. त्यातला एक टँकर ईश्वरप्पा चालवायचा. मूळचा तो मुखेडकडचा. लातुरात एका खोलीत तो, बायको शिवकांता, सासू सिद्धम्मा आणि पाच वर्षांची लेक शिवगंगा असे राहायचे.

शिवगंगेला घरात गंगू म्हणत. तिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. रडली की ओठ आणि बोटं निळी पडायची, मग ती उकिडवी बसून धापा टाकायची. म्हणून घरात एकच कायदा होता, गंगूला रडू द्यायचं नाही. तिनं तोंड वाकडं करायच्या आत तिच्या तोंडात गूळ जायचा, खडीसाखर जायची. सिद्धम्माच्या पदराच्या गाठीत कायम बत्तासे असत. झोपेत पोर कुरकुरली तरी बत्तासा. पोर रडली नाही, पण दाढा सगळ्या किडल्या.

हैदराबादच्या हृदयाच्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून बघितलं आणि मान हलवली. "छातीचं नंतर. आधी तोंड. ही घाण रक्तातून हृदयात गेली तर माझ्या ऑपरेशनचा काही उपयोग नाही. दाढा नीट करून आणा, मग मी तारीख देतो. आणि दातांना हात लावायच्या आधी तिला औषध द्यावं लागतं, हे ज्याच्याकडे जाल त्याला सांगा."

मग सुरू झाली वणवण. मुखेडच्या बाजारात दात काढणारा चादरीवर उपटलेल्या दातांचा ढीग मांडून बसायचा. गंगूचे ओठ बघून त्यानंच हात जोडले. "ताई, एवढं पाप माझ्या हातून नगं." कंधारच्या डॉक्टरानं मोठ्या गावी जा म्हटलं. लातूरच्या सरकारी दवाखान्यात दाताची खुर्ची आली होती, तिच्यावरचा प्लास्टिकचा कागदही निघाला नव्हता. डॉक्टर यायचा होता. शेवटी शिवकांतानं निटूरकरांची नवी पाटी वाचली, 'लहान मुलांच्या दातांवर खास उपचार', आणि हरखून घरी आली.

नंबर होता त्या दिवशी संध्याकाळी ती गंगूला कडेवर घेऊन परतली ती भिंतीला टेकूनच बसली. अंग तव्यासारखं तापलं होतं, बोलणं बरळल्यासारखं. सरकारी दवाखान्यात नेली, सलाइन लावलं. सकाळी ती गेली. ऊन लागलं म्हणाले. चैत्राचे दिवस होते.

तिला रीतीप्रमाणे बसवून, विभूती लावून, बेल वाहून माती दिली. जंगम आला, मंत्र झाले, मुखेडकडचे पाहुणे आले आणि गेले. घर मोकळं झाल्यावर गंगू बापाच्या मांडीवर येऊन बसली.

"अप्पा, आई उन्हात बसली."

"कुठं गं?"

"दाताच्या डॉक्टरच्या दारात. ते म्हनले, ही पोरगी माझ्याच्यानं व्हायची न्हाई. जेवून चिठ्ठी देतो, भायेर थांबा. मला आईनं दाराच्या सावलीत बसवलं. तितं माझ्यापुरतीच सावली व्हती."

"मग?"

"आपल्या बाटलीतलं पाणी म्याच पिलं. मग आईनं खिडकीतून पाणी मागितलं. ते म्हनले, पाणी न्हाई, दोन दिस झाले टँकर आला न्हाई." गंगूनं मान वर करून बघितलं. "तू गेला न्हवतास का अप्पा?"

ईश्वरप्पा गेला होता. पाणी सांडायला लागलं होतं. बस, बस, वाया चाललंय, असं तोच माणूस ओरडला होता.

"मग दार उघडलंच न्हाई," गंगू म्हणाली. "लई येळ बसलो. मग आई म्हनली, चल."

चौथ्या दिवशी ईश्वरप्पा कामावर गेला. सातव्या दिवशी त्यानं गॅरेजमधून जळक्या ऑइलचा डबा आणला आणि अंगणात फडक्यानं त्याचं तोंड बांधायला बसला. सिद्धम्मा बघत होती. कुंकवाच्या जागी नुसती विभूती, अंगानं काटकुळी बाई. लेक गेल्यापासून तिनं डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं.

"हे कशाला?"

"टाकीत वतायला."

"कुनाच्या?"

त्यानं फडक्याची गाठ आवळली. तिला कळलं.

"माझी लेक घोटभर पाण्यावाचून गेली," ती म्हणाली, "आन् तुमी टाकीभर पाणी नासवायलाव? हात झडतील."

"मग सोडून देऊ त्येला?"

"सोडा कोन म्हनलं?" तिनं मिश्रीची थुंकी टाकली, तोंड पुसलं. "त्येच्या दारात लिंबाचं झाड हाय न्हवं? तितं पाणपोई घाला. माझ्या शिवकांताच्या नावानं. गावाला पाणी पाजा. पाणी पाजणाऱ्याला कोन काय म्हनंल?"

ईश्वरप्पानं डबा खाली ठेवला. थोड्या वेळानं तो त्या सबंध दिवसांत पहिल्यांदा हसला. ते हसू बघून गंगू आजीच्या मागं जाऊन उभी राहिली.

उन्हाळ्यात पाणपोया लागतातच. व्यापारी लावतात, मठ लावतो, गेलेल्या माणसाच्या नावानं घरचे लावतात. नारळ फोडायला एखादा मोठा माणूस बोलवायचा आणि पहिलं फुलपात्र त्याच्या हातात द्यायचं, ही रीतच. ईश्वरप्पा दाढी करून, धुतलेला सदरा घालून निटूरकरांकडे गेला. डॉक्टर वसंतराव निटूरकर चाळिशीचे, गोरे, बोलायला गोड. त्यांनी त्याला ओळखलं नाही. टँकरच्या पाइपाशिवाय त्यांनी त्याला कधी बघितलंच नव्हतं.

"साहेब, तुमच्या फाटकाजवळच्या लिंबाखाली पाणपोई घालावं म्हनतो. उद्घाटन तुमच्याच हातानं पायजे."

"वा, वा! कोणाच्या नावानं?"

"घरातलंच मानूस गेलं."

"अरेरे. पण कल्पना छान आहे हो. माझ्या पेशंटांचीही सोय होईल."

"व्हय साहेब. त्यांच्याचसाठी."

दोन रांजण आले. त्यांना ओलं गोणपाट गुंडाळलं, वर तुराट्यांचं छप्पर केलं. पाटी रंगवून आणली आणि तिच्यावर शिवकांताचं जुनं हिरवं लुगडं टाकलं. सोमवार बघून गल्ली जमली. महादेवप्पा मालक म्हणून आला होता, समोरच्या शाळेतल्या बाई आल्या होत्या, दवाखान्यातले पेशंट गालाला रुमाल लावून उभे होते. डॉक्टरांनी नारळ फोडला. पाच मिनिटं बोलले. पाणी म्हणजे जीवन, तहानलेल्याला पाणी देण्यासारखं पुण्य नाही, आपल्या नव्या जिल्ह्याला अशाच माणसांची गरज आहे, असं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिद्धम्मानं रांजणातून फुलपात्र भरून त्यांच्या हातात दिलं. डॉक्टरांनी ते तोंडाला लावलं आणि ईश्वरप्पानं लुगडं ओढलं.

शाळेतल्या बाईंनी सवयीनं पाटी मोठ्यानं वाचली.

"कैलासवासी शिवकांता ईश्वरप्पा यांच्या स्मरणार्थ पाणपोई. यांनी चैत्रातल्या दुपारी समोरच्या ओट्यावर बसून पाणी मागितले. पाणी नाही असे सांगण्यात आले. त्या दिवशी टाकी भरलेली..."

पुढे बाईंचा आवाज बसला. डॉक्टरांच्या हातात फुलपात्र तसंच होतं.

"कोण ही?" ते म्हणाले. "मला आठवत नाही."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं, आणि ते ऐकून ईश्वरप्पाच्या कानशिलात आग झाली. सिद्धम्मा मात्र शांतपणे म्हणाली, "आठवंल साहेब. आमी हाव की रोज आठवन द्यायला. प्या, गार हाय."

त्या दिवसापासून ती सकाळपासून लिंबाखाली बसायची. शेजारी गंगू. येणाऱ्याला पाणी द्यायची आणि तो पीत असतानाच सांगायला लागायची. फुलपात्र संपेपर्यंत गोष्ट संपायची नाही, म्हणून माणूस दुसरं मागायचा. "डॉक्टरकडं आलाव व्हय? जावा की. पाणी पोटभर पिऊन जावा. आत मिळंल न मिळंल." कोणी आत जायचं, कोणी रुमाल गालाला लावून तसंच परतायचं. पुढं पुढं परतणारेच जास्त झाले.

डॉक्टरांनी नगरपालिकेचा माणूस बोलावला. तो उन्हातून सायकलीवर आला. दोन फुलपात्री प्याला, तोंड पुसलं, पाटी वाचली, तिसरं प्याला आणि गेला. दुष्काळात पाण्याच्या रांजणाला हात लावायची कोणाच्या बापाची ताकद नव्हती.

मग महादेवप्पानं ईश्वरप्पाला अडतीवर बोलावलं.

"ईश्वऱ्या, पाटी उतरव. डॉक्टर आपलं गिऱ्हाईक हाय."

"पाणपोई हाय मालक. पुण्याचं काम."

"मला शिकवतो का रे पुण्य? रोज सकाळी त्या मानसाला फाशी द्यायलास तू."

"दिस बुडाला की फासावरनं उतरवतो की त्येला. माझी बायको परत आली का?"

महादेवप्पानं पान थुंकलं. "तुझ्या हातात चावी माझी हाय, एवढं ध्यानात ठेव."

या सगळ्यात गंगूच्या दाढा तोंडात तशाच होत्या. नांदेडच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टर चंद्रप्रभाबाईंचं नाव कळलं, तेव्हा ईश्वरप्पा एसटीनं जाऊन त्यांना भेटून आला होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर महिन्यातून एकदाच नांदेडला येतात, त्या दिवशी ते शेजारी उभे असताना दाढा काढू, म्हणाल्या. तो दिवस यायला पंधरवडा होता. "मध्ये ताप आला तर थांबू नका," असंही म्हणाल्या.

पंधरवडा अर्धा सरला आणि गंगूचा गाल सुजला. त्याच संध्याकाळी डॉक्टर निटूरकर खोलीवर आले. दारात वाकून, चपला बाहेर काढून आले. सिद्धम्मानं न सांगता तांब्या पुढं केला. त्यांनी घेतला नाही.

"त्या दिवशी मी घाबरलो," ते म्हणाले. "खुर्चीत मुलीला काही झालं असतं तर नव्या दवाखान्याचं नाव गेलं असतं."

"आन् पाणी?" ईश्वरप्पानं विचारलं.

"रोज दहा जण मागतात हो. सगळ्यांना तेच सांगायची सवय लागली. ती आजारी पडेल असं..." ते थांबले. गंगूकडे बघून त्यांनी आवाज बदलला. "ही सूज चांगली नाही. हैदराबादला मी बोलतो. औषध आधी देऊ, बालरोगतज्ज्ञांना बसवू, उद्याच्या उद्या दाढा काढू. एक पैसा घेणार नाही. फक्त ती पाटी."

माणूस खरं बोलत होता. त्याला हे काम येत होतं, हेही ईश्वरप्पाला कळलं. चैत्रातही येत होतं.

"दाढा काढा," ईश्वरप्पा म्हणाला. "पाटी ऱ्हाईल."

"मग मी कशाला आलो?"

"तेच मी इचारायलो. पोरीसाठी आलाव का पाटीसाठी?"

डॉक्टर उठले. चपला घालताना त्यांचा हात भिंतीला टेकला होता. ते गेल्यावर सिद्धम्मा म्हणाली, "जावई, पोरीची दाढ त्येच्या हातानं निघत आसंल तर पाटी म्या सोता उतरवते. मेलीपरीस जिती मोठी."

"न्हाई मामी."

"काही झालं म्हनजे?"

"न्हाई म्हनलं ना."

त्यानं पोरीच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होतं. अजून सात दिवस निघतील, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

दोन दिवस निघाले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो भरलेला टँकर घेऊन गल्लीच्या तोंडाशी आला, तर सिद्धम्मा गंगूला खांद्यावर टाकून लिंबाखालून पळत येत होती. पोरीचा एक डोळा सुजेखाली मिटला होता. अंग भाजत होतं. समोर निटूरकरांचं फाटक उघडं होतं. ईश्वरप्पानं फाटकाकडे बघितलं, मग दोघींना केबिनमध्ये ओढून घेतलं आणि टँकर नांदेडच्या रस्त्याला लावला.

अहमदपूरच्या पुढं माळ सुरू झाला. गावोगावच्या बाया घागरी घेऊन रस्त्याच्या कडेला बसल्या होत्या. टँकर बघून उठायच्या, हात करायच्या. मागं पाणी डुचमळत होतं, त्याचा आवाज त्यांना ऐकू जात असेल. लोह्याच्या अलीकडं एक बाई घागर घेऊन केबिनच्या बरोबरीनं पळायला लागली. कडेवर मूल होतं. "दादा, येक घागर! येकच घागर!" ईश्वरप्पानं हॉर्न दाबून धरला आणि गाडी काढली. आरशात ती रस्त्यात उभी दिसली.

"थांबा म्हनत व्हती," सिद्धम्मा म्हणाली.

"दिसलं मला."

नांदेडला दवाखान्याच्या आवारात त्यानं पोरीला आत पोचवलं आणि बाहेर येऊन टँकरचा कॉक उघडला. आवारातले पेशंटांचे नातेवाईक बादल्या, डबे, तांबे घेऊन धावले. त्याला तिथं उभं राहवेना.

चंद्रप्रभाबाईंनी गंगूला दाखल करून घेतलं. सुईतून औषध सुरू केलं, हैदराबादला फोन लावला. "एक दिवस उशीर झाला असता तर फार अवघड होतं," त्या म्हणाल्या. "लातूरला कोणी नव्हतं का?"

"व्हतं," ईश्वरप्पा म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्या वॉर्डात गेल्या.

ताप उतरेपर्यंत तो वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होता. पोरगी गेली तर पाटीवर दुसरं नाव घालावं लागेल, आणि पाणी कोणी नाकारलं तिथं स्वतःचं नाव लिहावं लागेल, हे त्याला तिथं कळलं. ती रस्त्यातली बाईही डोळ्यांसमोरून हलेना. ती आता कुणाला काय सांगत असेल? त्यानं मान झटकली. माझी पोरगी मरायला टेकली होती, तो मनात म्हणाला. डॉक्टर जेवत होता. हे त्यानं इतक्या वेळा म्हटलं की शेवटी त्याला झोप लागली.

महिन्याला नांदेडला येणाऱ्या त्या हृदयाच्या डॉक्टरांना बाईंनी अकोल्याहून दोन दिवस आधीच बोलावून घेतलं. ते शेजारी उभे राहिले आणि बाईंनी दाढा काढल्या. दाराबाहेर ईश्वरप्पाला गंगूच्या रडण्याचा आवाज आला. मोठा, मोकळा, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा. सिद्धम्माचा हात पदराच्या गाठीकडे गेला आणि ती दार ढकलून आत शिरली.

"आजी, बत्तासा नाही," बाई आतून म्हणाल्या. "रडू द्या थोडं. आम्ही आहोत ना इथं."

ईश्वरप्पा दाराशी उभा राहून ऐकत राहिला. पाच वर्षांत त्यानं लेकीचं रडणं असं पुरतं ऐकलंच नव्हतं. शिवकांतानं तर कधीच नाही.

लातूरला परतल्यावर महादेवप्पानं हात पुढं केला. ईश्वरप्पानं चावी त्याच्या हातावर ठेवली. तो हमालीला लागला. सकाळी सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन लावून लांबच्या आडाचं पाणी आणायचा आणि रांजण भरून मग मोंढ्यात पोती उचलायला जायचा. हैदराबादच्या डॉक्टरांनी दसऱ्यानंतरची तारीख दिली.

उन्हाळा सरला, थोडाफार पाऊस झाला. गावातल्या पाणपोयांची छपरं निघाली, रांजण घरोघर गेले. लिंबाखालची पाणपोई तशीच राहिली. आता पाणी प्यायला फारसं कोणी थांबत नसे, पण पाटी लोक वाचत. एका सकाळी निटूरकरांच्या फाटकाला कुलूप दिसलं. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, डॉक्टरांनी कलेक्टर कचेरीच्या बाजूला, नव्या वसाहतीत दवाखाना थाटला.

गंगूनं मागच्या मोकळ्या हिरड्यांवरून जीभ फिरवली. "अप्पा, मग आता पाटी काढायची?"

"व्हय," ईश्वरप्पा म्हणाला.

त्यानं खिळे उपसले. पाटी सदऱ्याच्या बाहीनं पुसली आणि सायकलच्या मागं सुतळीनं बांधायला लागला. सिद्धम्मा रांजणाला टेकून बघत होती.

"घरी न्यायलाव?"

"न्हाई. कचेरीकडं."

तिनं नातीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. ती वाकली आणि रांजणाचं गोणपाट सोडायला लागली.

"तितं सावली हाय का?" तिनं विचारलं.

"चिंचंचं झाड हाय," ईश्वरप्पानं गाठ आवळली. "दारातच."